बूटलोडरचा टीसीपी स्टॅक नव्याने लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा: एका बोर्डाच्या बूटलोडरमध्ये (वीज आल्यावर मुख्य सिस्टम चालू करणाऱ्या छोट्या प्रोग्राममध्ये) एचटीटीपीने इमेज (सिस्टमची फाइल) उतरवून घेण्यापुरता छोटा टीसीपी स्टॅक (नेटवर्कवरची जोडणी सांभाळणारा कोड) आहे. टेबलावर थेट केबलने जोडला की नीट चालतो. प्रत्यक्ष नेटवर्कवर मात्र तीन तक्रारी येतात. डाउनलोड मध्येच थबकतं, कधी मिनिटभराने पुन्हा सुरू होतं, कधी होतच नाही. बोर्ड रीसेट केल्यावर लगेच जोडणी होत नाही. आणि क्वचित सगळे बाइट येऊनही हॅश (फाइलच्या बाइटांवरून काढलेली खूण) जुळत नाही. स्टॅक नव्याने लिहावा का, लिहिला तर मांडणी कशी असावी, की सरळ एलडब्ल्यूआयपी (तयार मिळणारा छोटा टीसीपी स्टॅक) बसवावं?

तिन्ही तक्रारींची मुळं वेगळी आहेत, त्यामुळे स्टॅक बदलला की सगळं मिटेल असं धरून चालू नका. थबकणं हे बहुतेक वेळा विंडोचं (पोचेची वाट न बघता किती बाइट पाठवायचे त्या मर्यादेचं) दुखणं असतं. रीसेटनंतरची अडचण जुनी जोडणी आणि नवी जोडणी यांत फरक न कळण्याची असते. हॅशची भानगड तर पुष्कळदा टीसीपीच्या खाली, ड्रायव्हरमध्ये किंवा कॅशेत निघते. म्हणून कोडला हात लावण्याआधी दोन कामं करा. सर्व्हरच्या बाजूला टीसीपीडम्प (नेटवर्कवरची पॅकेट नोंदवणारं साधन) लावून एक फसलेलं डाउनलोड पूर्ण पकडा. आणि बोर्डावर काही साधे काउंटर ठेवून ते शेवटी एकदाच छापा: नेटवर्क कंट्रोलरने रिंग (आलेली पॅकेट ठेवायच्या बफरांची साखळी) भरल्यामुळे टाकलेली पॅकेट, चेकसम (बाइट बिघडले का ते दाखवणारा आकडा) चुकलेली, क्रम सोडून आलेली, दुसऱ्यांदा आलेली, आणि आपण पुन्हा पाठवलेली. एवढ्यावरून दोष कोणत्या थरात आहे ते बहुधा कळतं. काउंटर नसलेला स्टॅक दुरुस्त करणं म्हणजे अंधारात सुईत दोरा ओवणं.

टीसीपी हवाच का, असं कोणी विचारेल; त्याला हिशेबानेच उत्तर द्यावं. टीएफटीपी हे फाइल उतरवायचं साधं तंत्र (आरएफसी १३५०, १९९२; आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचे दस्तऐवज) ५१२ बाइटांचा एक ब्लॉक पाठवून त्याची पोच येईपर्यंत थांबतं. जाण्यायेण्याचा वेळ ५० मिलिसेकंद असेल तर सेकंदाला जेमतेम १० केबी, म्हणजे ३२ एमबीच्या इमेजला सुमारे ५५ मिनिटं. ब्लॉक १४६८ बाइटांचा केला तरी १९ मिनिटं. टीसीपीत अवघ्या ४ सेगमेंटची (टीसीपी डेटा ज्या तुकड्यांत पाठवतं त्यांची) विंडो ठेवली तर हेच काम पावणेपाच मिनिटांत होतं, आणि ६४ केबीची विंडो ठेवली तर २६ सेकंदांत. स्थानिक नेटवर्कवर हा फरक जाणवत नाही, म्हणून टेबलावरच्या चाचणीवर विसंबू नका.

विंडो म्हणजे वचन

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा मुद्दा हा. विंडो जाहीर करणं म्हणजे समोरच्याला सांगणं की एवढे बाइट न विचारता पाठव, मी झेलतो. बहुतेक छोटे स्टॅक हे वचन रॅमकडे बघून देतात: इमेजसाठी ६४ एमबी मोकळे आहेत, मग ६५,५३५ जाहीर करायला काय हरकत? हरकत ही की पॅकेट आधी नेटवर्क कंट्रोलरच्या रिसीव्ह रिंगमध्ये उतरतं आणि रॅममध्ये नंतर जातं. यू-बूट या बूटलोडरमध्ये ही रिंग बहुतेक बोर्डांवर मुळात ४ बफरांची असते. गिगाबिट लिंकवर पूर्ण आकाराची एक फ्रेम (इथरनेटवरचं पॅकेट) सुमारे १२ मायक्रोसेकंदांत येते. म्हणजे पोलिंगचा लूप (रिंगमध्ये काही आलं का ते फिरून फिरून पाहणारा) ५० मायक्रोसेकंद दुसरीकडे रमला की रिंग भरली आणि पुढची फ्रेम जमिनीवर पडली. त्यात लिनक्स सर्व्हर पहिल्या झटक्यातच १० सेगमेंट पाठवतो (आरएफसी ६९२८, २०१३). जीईटी (फाइल मागणारी एचटीटीपी विनंती) पोचताच दहा फ्रेम पाठोपाठ येतात आणि रिंगमध्ये जागा चारांना. थेट केबलवर १०० मेगाबिटला हे खपून जातं, कारण तिथे एका फ्रेमला १२३ मायक्रोसेकंद लागतात आणि सीपीयू तग धरतो. टेबलावर चालतं आणि जागेवर चालत नाही, याचं एक मोठं कारण हेच.

म्हणून विंडोचं सूत्र असं ठेवा: मोकळ्या बफरातली जागा, किंवा (रिंगमधले डिस्क्रिप्टर वजा दोन) गुणिले एमएसएस, यांतलं जे कमी असेल ते. डिस्क्रिप्टर म्हणजे रिंगमधली एका बफरची नोंद, आणि एमएसएस म्हणजे एका सेगमेंटमधला जास्तीत जास्त डेटा. वजा दोन हे एआरपी (आयपी पत्त्यावरून मॅक पत्ता विचारणारी पॅकेट) आणि ब्रॉडकास्टसाठी. गजबजलेल्या नेटवर्कवर वजा चार करा. चारच्या रिंगवर यातून काही हाती लागत नाही, म्हणून आधी रिंग वाढवा. १५३६ बाइटांचे ३२ बफर म्हणजे ४८ केबी, डीरॅम असलेल्या बोर्डावर किरकोळ. मग विंडो ३० × १४६० म्हणजे ४३,८०० बाइट ठेवता येते. ती ६५,५३५ च्या आत बसते, त्यामुळे विंडो स्केलिंगच्या (त्याहून मोठी विंडो जाहीर करण्याच्या पर्यायाच्या) वाटेला जायचीही गरज उरत नाही. पुढे कधी ते लागलंच, तर दोन गोष्टी विसरू नका: स्केलचा पर्याय फक्त सिनमध्ये (जोडणी मागणाऱ्या पहिल्या सेगमेंटमध्ये) ठरतो आणि सिनमधली विंडो स्वतः स्केल होत नाही; आणि सिन-ॲकमध्ये (सिनला आलेल्या होकारात) तो पर्याय आला नाही तर दोन्ही बाजूंचा स्केल शून्य धरायचा.

या सूत्रातली एक फट आधीच लक्षात घ्या. विंडो बाइटांत मोजली जाते आणि रिंग पॅकेटांत. सर्व्हर इमेज छोट्या छोट्या तुकड्यांत लिहीत असेल तर ४३,८०० बाइटांत दोनशे पॅकेटही येऊ शकतात. फाइल सरळ पाठवणाऱ्या सर्व्हरवर हे सहसा होत नाही. पाइपमधून चालणाऱ्या स्क्रिप्टवर होतं.

उलट टोकाला, फार लहान विंडोही घातक आहे. सर्व्हरला हरवलेलं सेगमेंट टायमरची वाट न बघता पुन्हा पाठवायला साधारणपणे तीन डुप्लिकेट ॲक लागतात (ॲक म्हणजे पोच; तीच पोच पुन्हा आली की डुप्लिकेट). विंडो ४ सेगमेंटची असेल आणि एक हरवलं, तर मागून येणारी तीनच सेगमेंट उरतात आणि त्यांतून नेमके तीन डुप्लिकेट ॲक निघतात. त्यांतलं एक जरी गळालं तरी सर्व्हर आपल्या टायमरपर्यंत गप्प बसतो. आठ सेगमेंटच्या खाली जाऊ नये, ते यामुळे.

डुप्लिकेट ॲकचा आणखी एक बारकावा आहे. आरएफसी ५६८१ प्रमाणे ॲक डुप्लिकेट गणायचा असेल तर त्यातली विंडो आधीच्या ॲकइतकीच असावी लागते. तुमचा स्टॅक दर ॲकमध्ये त्या क्षणी रिंगेत किती जागा आहे ते प्रामाणिकपणे लिहीत असेल, तर सॅक (पुढचे कुठले तुकडे मिळाले ते ॲकमध्ये सांगण्याची सोय) नसलेल्या जोडणीत सर्व्हर त्या ॲकना डुप्लिकेट मानतच नाही. म्हणजे जास्त अचूकपणाच नडतो. क्रम सोडून काही आलं की भोक बुजेपर्यंत विंडोचा आकडा गोठवा. आणि विंडोची उजवी कड (कबूल केलेला शेवटचा बाइट) कधीही मागे आणू नका. दिलेला शब्द परत घेता येत नाही.

ॲक कधी पाठवायचा? विलंबित ॲकचा वेगळा टायमर बूटलोडरला लागत नाही. लूपच्या एका फेरीत रिंग पूर्ण उपसा, क्रमाने आलेल्या सगळ्यांसाठी शेवटी एकच ॲक पाठवा; मात्र क्रम सोडून आलेल्या प्रत्येक सेगमेंटला जागच्या जागी वेगळा ॲक द्या. एक टायमर कमी म्हणजे चुकण्याची एक जागा कमी.

सीपीयू कुठे अडकतो

आता लूप नेमका कुठे रमतो ते. पहिला संशयित सीरियल कन्सोल. ११५२०० बॉडला एका अक्षराला ८७ मायक्रोसेकंद लागतात. ८० अक्षरांची एक डीबग ओळ म्हणजे ७ मिलिसेकंद, आणि तेवढ्यात १०० मेगाबिटवरही ५५ हून जास्त पूर्ण फ्रेम येऊन जातात. पॅकेट गळण्याचं कारण शोधायला प्रत्येक पॅकेटमागे ओळ छापली, तर गळती त्या ओळीमुळेच सुरू होते. प्रगतीची खूण दर २५६ केबीला एक अक्षर, तेही यूएआरटीच्या (सीरियल पोर्टच्या चिपच्या) फिफोमध्ये, म्हणजे अक्षरांच्या रांगेत, जागा असेल तरच. बाकी सगळं काउंटरमध्ये.

दुसरा संशयित फ्लॅश. एसपीआय नॉर या प्रकारच्या फ्लॅशचा ६४ केबीचा ब्लॉक पुसायला साधारण दीडशे ते काहीशे मिलिसेकंद आणि वाईटात वाईट दोन सेकंदही लागू शकतात. तेवढा वेळ कोणी पोल करत नसेल तर सर्व्हर पुन्हा पाठवतो, दर वेळी थांबण्याचा काळ दुप्पट करतो, आणि तुम्ही परत आलात तेव्हा त्याचा पुढचा प्रयत्न बराच लांब असतो. यावर पहिला आणि सर्वांत चांगला उपाय म्हणजे डाउनलोड आणि फ्लॅशिंग एकत्र न करणं. सगळी इमेज रॅममध्ये घ्या, हॅश तपासा, जोडणी बंद करा, मगच फ्लॅशला हात लावा. अर्धी इमेज लिहून वीज गेली, हा प्रसंगही त्यामुळे बराच टळतो.

रॅम पुरत नसेल तर तुकड्यांनीच जावं लागतं. पण एकदम शून्य विंडो जाहीर करता येत नाही, कारण उजवी कड मागे येईल. बफर पुसायच्या ब्लॉकएवढा अधिक पूर्ण विंडोएवढा ठेवा. ब्लॉक भरत आला की उजवी कड पुढे सरकवणं थांबवा. कबूल केलेले बाइट येत राहतील आणि विंडो आपोआप घटत शून्यावर येईल. सगळं पदरात पडलं की पुसा आणि लिहा. नंतर विंडो उघडल्याचा ॲक पाठवा, आणि तो एकदाच पाठवून गप्प बसू नका. हा साधा ॲक हरवला तर त्याची कोणी पोच मागत नाही. सर्व्हर त्याच्या पर्सिस्ट टायमरवर (विंडो उघडली का ते अधूनमधून विचारायला लावणाऱ्या) अवलंबून राहतो आणि तो टायमरही वाढत जातो. नवा डेटा येईपर्यंत दर २०० मिलिसेकंदांनी तोच ॲक चार-पाच वेळा पाठवा. त्याने काही बिघडत नाही. मिनिटभर थबकून आपोआप सुरू होणाऱ्या डाउनलोडमध्ये हे एक नेहमीचं कारण असतं. आणि उघडताना विंडो किमान एका एमएसएसने उघडा, नाहीतर शंभर-शंभर बाइटांची सेगमेंट येत राहतील.

रीसेटनंतर जोडणी न होणं

बोर्ड रीसेट होतो, पण सर्व्हरला ते कळत नाही. त्याच्या लेखी जुनी जोडणी जिवंत असते. बूटलोडरचं घड्याळ दर वेळी शून्यापासून सुरू होतं, त्यामुळे घड्याळावरून काढलेला पोर्ट आणि सुरुवातीचा सीक्वेन्स नंबर (बाइटांचा क्रमांक) जवळपास तोच निघतो. तेच दोन पत्ते, तेच दोन पोर्ट, आणि त्यावर नवा सिन. सर्व्हर सिन-ॲकऐवजी जुन्या जोडणीच्या हिशेबाचा ॲक पाठवतो. छोटे स्टॅक हा ॲक ओळखीचा नाही म्हणून टाकून देतात आणि सिन पाठवत राहतात. दोन्ही बाजू आपापल्या जागी बरोबर, आणि जोडणी मात्र होत नाही.

आरएफसी ९२९३ (२०२२, मूळ आरएफसी ७९३, १९८१) यावर नेमकी वाट सांगतं: सिन पाठवलेल्या स्थितीत न पटणारा ॲक आला तर त्याच ॲकचा नंबर सीक्वेन्स म्हणून घेऊन आरएसटी (जोडणी तोडणारं सेगमेंट) पाठवायचा. सर्व्हर जुनी जोडणी मोडतो आणि पुढचा सिन लागू पडतो. दहा ओळींचं काम आहे. पण मध्ये नॅट (पत्ते बदलणारा राउटर) किंवा फायरवॉल असेल तर हा आरएसटी पोचेलच असं नाही. म्हणून मुळात पोर्ट वेगळा निघेल हे बघा: ४९१५२ ते ६५५३५ मधून यादृच्छिक निवडा. हार्डवेअर रँडम जनरेटर असेल तर प्रश्नच मिटला. नसेल तर रीसेटनंतरही टिकणाऱ्या रजिस्टरमध्ये किंवा आरटीसीच्या (बोर्डावरच्या घड्याळाच्या चिपच्या) रॅममध्ये बूटचा काउंटर ठेवा, आणि तो, मॅक पत्ता व टायमरचे खालचे बिट मिळून हॅश काढा. सीक्वेन्स नंबरही त्यातूनच. टायमरचे बिट घ्यायची वेळ मात्र लिंक वर आल्यानंतरची असावी. ऑटोनिगोशिएशनला (दोन टोकांनी लिंकचा वेग ठरवायला) लागणारा काळ थोडा बदलता असतो, तेवढीच त्यात अनिश्चितता.

याच ओघात जुन्या स्टॅकमधले ग्लोबल चल काढून टाका. स्टेट, सीक्वेन्स, समोरचा पत्ता हे सगळं एका जोडणीच्या स्ट्रक्टमध्ये जायला हवं, मग जोडणी एकच चालणार असली तरी. त्यामुळे दोन गोष्टी साधतात. नवी जोडणी म्हणजे स्ट्रक्ट कोरा करणं, मागचं उष्टं काही उरत नाही. आणि येणाऱ्या प्रत्येक सेगमेंटचे दोन पत्ते व दोन पोर्ट जुळवून पाहणं भाग पडतं. आधीच्या प्रयत्नाचा रेंगाळलेला फिन (जोडणी बंद करणारं सेगमेंट) नव्या जोडणीला बंद करतो, हा दोष केवळ या जुळवणीने जातो. आरएसटी आला तर त्याचा सीक्वेन्स पुढच्या अपेक्षित बाइटाशी तंतोतंत जुळला तरच माना (आरएफसी ५९६१). विंडोत कुठेतरी पडला तर फक्त एक ॲक पाठवा.

हॅश जुळत नाही तेव्हा

इथे पाच जागा क्रमाने तपासा.

पहिली पॅडिंग. इथरनेट फ्रेम एफसीएस (फ्रेमच्या शेवटचा तपासणीचा आकडा) सोडून किमान ६० बाइटांची असते. डेटा नसलेला ॲक १४ अधिक ४० म्हणजे ५४ बाइट, वर ६ बाइट भरती. डेटाची लांबी फ्रेमच्या लांबीवरून काढली तर हे ६ बाइट डेटा समजले जातात, आणि जीईटीला आलेल्या साध्या पोचेतूनच सीक्वेन्स सहाने पुढे सरकतो. लांबी नेहमी आयपी हेडरमधल्या एकूण लांबीतून काढा, आणि ती फ्रेमपेक्षा मोठी नाही हेही पाहा.

दुसरी कॅशे. डीएमए बफर (ज्यात कंट्रोलर सीपीयूशिवाय थेट लिहितो) कॅशे लाइनवर, म्हणजे ३२ किंवा ६४ बाइटांवर, जुळलेला हवा आणि त्याची लांबीही त्याच पटीत हवी. अंदाजाने आधीच मेमरी वाचणाऱ्या कॉर्टेक्स-ए सारख्या प्रोसेसरवर बफर कंट्रोलरला देताना त्याची कॅशेतली प्रत रद्द (इनव्हॅलिडेट) करणं पुरत नाही. पॅकेट आल्यावर, वाचण्याआधी पुन्हा करावं लागतं. चेकसम चुकल्याचा काउंटर स्वच्छ नेटवर्कवरही चढत असेल तर इथेच बघा.

तिसरी स्वतः चेकसम. वेगासाठी तो तपासणं बंद केलेलं बऱ्याच ठिकाणी दिसतं. ते चालू करा. विषम लांबीचा शेवटचा बाइट शून्य जोडून धरायचा, आणि स्यूडो हेडरमध्ये (चेकसमसाठी सोबत धरायच्या पत्ते वगैरेंच्या भागात) टीसीपीची लांबी घ्यायची. तरीही हा नुसत्या बेरजेवर चालणारा १६ बिटांचा चेकसम आहे. दोन १६ बिटी शब्दांची अदलाबदल त्याला कळत नाही. म्हणून एसएचए-२५६ या हॅशला पर्याय नाही, आणि इमेज कोणी बदलली का हे कळायला तर डिजिटल सहीच लागते.

चौथी एकमेकांवर चढणारी सेगमेंट. सर्व्हर पुन्हा पाठवताना पूर्वीच्याच सीमा पाळेल असं नाही. सेगमेंटचा अर्धा भाग जुना आणि अर्धा नवा असू शकतो. जुना भाग कापून नवा घ्या. अख्खं सेगमेंट जुनं म्हणून टाकलंत तर जोडणी कायमची अडकते. अख्खं घेतलंत तर इमेज बिघडते. सीक्वेन्स नंबरची तुलना सरळ मोठं-लहान अशी करू नका. ३२ बिटांत वजाबाकी करून चिन्ह पाहा. सुरुवातीचा नंबर वरच्या टोकाला निघाला की इमेजच्या मधेच तो शून्यावरून जातो, आणि असा दोष शेकडो डाउनलोडांत एखाद्यालाच दिसतो.

पाचवी पर्यायांचं वाचन. हेडरची लांबी २० पेक्षा कमी असलेलं सेगमेंट टाकून द्या. पर्यायाची लांबी २ पेक्षा कमी आली तर थांबा, नाहीतर शून्य लांबीवर लूप जन्मभर फिरेल.

क्रम सोडून आलेला डेटा ठेवायचा का? बूटलोडरला इथे एक सोय आहे जी सर्वसाधारण स्टॅकला नाही: डेटा शेवटी कुठल्या पत्त्यावर जाणार हे माहीत असतं. सेगमेंट थेट त्याच्या जागी कॉपी करा आणि आलेल्या पट्ट्यांची फक्त सुरुवात-शेवट अशी यादी ठेवा. आठ नोंदी भरपूर. नववी आली तर ते सेगमेंट सोडून द्या, ते परत येईल. अट एकच: एचटीटीपीचं हेडर कुठे संपतं हे कळेपर्यंत कुठलंही सेगमेंट जागी ठेवता येत नाही. तोवर क्रमाबाहेरचं टाकून द्या. कॉपी करण्याआधी लोडच्या हद्दीशी तुलना करा. दूरच्या सीक्वेन्सने बूटलोडरच्याच मेमरीवर लिहिलं जाऊ नये. ही यादी तयार झाली की सॅक (आरएफसी २०१८, १९९६) देणं म्हणजे तीच यादी पर्यायात लिहिणं, त्यामुळे तेही करून टाका. टाइमस्टॅम्प नकोत.

पाठवण्याची बाजू

इथे कमी लिहावं तेवढं बरं. ग्राहक म्हणून बूटलोडर सिन, एक जीईटी आणि फिन पाठवतो. एका वेळी एकच सेगमेंट वाटेत, त्याची एक प्रत बफरात, एक टायमर. कंजेशन कंट्रोलला (गर्दी पाहून वेग घटवण्याला) इथे काम नाही, आणि वेळ मोजून आरटीओ (पुन्हा पाठवण्याआधी थांबायचा काळ) काढणारं सूत्रही (आरएफसी ६२९८) नमुने दोन-तीनच मिळत असल्याने फारसं कामाचं नाही. १ सेकंदापासून सुरू करून दुप्पट करत जा. सिनसाठी सहा प्रयत्न ठेवा: ०, १, ३, ७, १५ आणि ३१ व्या सेकंदाला. हा आकडा सहज निवडलेला नाही. स्पॅनिंग ट्री (नेटवर्कमधली वर्तुळं टाळणारी यंत्रणा) चालू असलेल्या स्विचचा पोर्ट मूळ मांडणीत १५ अधिक १५ सेकंद पुढे काहीच सोडत नाही. ३० सेकंदांच्या आत हार मानणारा स्टॅक अशा जागी पहिल्या बूटला कधीच जोडणार नाही. स्थिर पत्ता असेल तर एआरपीलाही हाच नियम लावा. आणि डाउनलोड चालू असताना येणाऱ्या एआरपी विचारणांना उत्तर द्यायला विसरू नका.

वॉचडॉगची (बोर्ड अडकला तर तो रीसेट करणाऱ्या टायमरची) मोजणी लूपमध्ये डोळे झाकून पुन्हा सुरू करत राहू नका. शेवटचा नवा बाइट कधी आला ते लिहून ठेवा. ३० सेकंद काहीच पुढे सरकलं नाही तर आरएसटी पाठवून जोडणी सोडा आणि वरच्या थराला अपयश कळवा. वॉचडॉग त्यानंतरची पायरी आहे. वेळेची तुलना नेहमी वजाबाकीने: ३२ बिटी मायक्रोसेकंदांचा काउंटर ७१ मिनिटांत उलटतो.

एमएसएस हे पर्यावरण चलातून (बूटलोडरच्या सेटिंगमधून) बदलता येईल असं ठेवा. मधल्या वाटेवर एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी) लहान असेल आणि कोणीतरी आयसीएमपी (अशी अडचण कळवणारे संदेश) अडवत असेल, तर छोटी पॅकेट जातात आणि मोठी गडप होतात: जोडणी होते, आणि पहिल्या मोठ्या सेगमेंटपाशीच सगळं थांबतं. १४६० ऐवजी १३६० टाकून पाहणं हा पाच सेकंदांचा उपाय आहे.

यश कशाला म्हणायचं

फिन आला म्हणजे फाइल पूर्ण आली असं नाही. सर्व्हरची प्रक्रिया मेली तरी फिन येतो. हेडरमध्ये सांगितलेली लांबी आणि आलेले बाइट जुळले तरच यश. उलट, पूर्ण लांबी आल्यावर आरएसटी आला तरी ते यशच. तुकड्यांत येणारं चंक्ड उत्तर सांभाळायचं नसेल तर विनंती एचटीटीपी १.० ची करा, होस्ट हेडर मात्र द्या. सर्व्हरलाच आधी बंद करू द्या, म्हणजे टाइम-वेटचं (बंद झालेली जोडणी काही काळ लक्षात ठेवण्याचं) ओझं त्याच्याकडे राहतं.

टीसीपी कितीही चांगला लिहिला तरी केबल निघते, सर्व्हर रीस्टार्ट होतो. म्हणून वरच्या थरात रेंजची विनंती ठेवा: जिथे तुटलं तिथून पुढचे बाइट मागा, सोबत आधी मिळालेला ईटॅग (फाइलच्या आवृत्तीची खूण) इफ-रेंज हेडरमध्ये द्या. उत्तर २०६ आलं तर पुढे चालू. २०० आलं तर सर्व्हर पहिल्यापासून पाठवतोय, ऑफसेट शून्य करा. ही दुसरी अर्धी अट विसरली की इमेजच्या मध्यावर इमेजचीच सुरुवात लिहिली जाते.

आणि कर्नलकडे उडी मारण्याआधी नेटवर्क कंट्रोलरचा डीएमए थांबवा. तो चालू राहिला तर पुढचं ब्रॉडकास्ट पॅकेट जुन्या रिंगच्या पत्त्यावर उतरतं, आणि तिथे आता कर्नल असतो. गजबजलेल्या नेटवर्कवरच, वेगवेगळ्या जागी, कारण न कळणारे पॅनिक दिसले तर हेच आधी तपासा.

एलडब्ल्यूआयपी की स्वतःचा

रॅम आणि फ्लॅश पुरत असतील आणि टीएलएस, आयपीव्ही६ किंवा एकापेक्षा जास्त जोडण्या लागणार असतील तर एलडब्ल्यूआयपी घ्या. यू-बूटमध्ये २०२५.०१ आवृत्तीपासून ते जुन्या स्टॅकऐवजी निवडता येतं. पण ते बसवलं की वरचे प्रश्न सुटले असं नाही. त्याचा मूळ एमएसएस ५३६ आणि विंडो त्याच्या चौपट, म्हणजे २१४४ बाइट. तशीच ठेवली तर ५० मिलिसेकंदांच्या वाटेवर सेकंदाला ४३ केबीच्या आसपास मिळतील. विंडो वाढवताना पीबफ पूलही (त्याच्या पॅकेट-बफरांचा साठा) वाढवा. डेटा वापरल्यावर टीसीपी-रिसीव्ह्डचं फंक्शन बोलावलं नाही तर विंडो परत उघडत नाही आणि डाउनलोड बरोबर एका विंडोनंतर थांबतं. ऑपरेटिंग सिस्टमविना चालवताना टायमर तपासणारं फंक्शन लूपमध्ये आपणच बोलवायचं असतं. यादृच्छिक आकडा आणि सुरुवातीचा सीक्वेन्स यांची हुक स्वतः द्या. रिंगचा आकार, फ्लॅशचा अडथळा, कॅशे, डीएमए हे सगळं तर तसंच उरतं. फक्त एका सर्व्हरवरून एक फाइल उतरवायची असेल तर वरच्या नियमांनी लिहिलेला हजार-बाराशे ओळींचा स्टॅक तपासायला सोपा पडतो, आणि बूटलोडरमध्ये तपासता येणं हाच मोठा गुण.

चाचणी

मांडणी अशी करा की टीसीपीच्या गाभ्याला हार्डवेअर दिसूच नये: आत सेगमेंट आणि आताची वेळ, बाहेर पाठवायची सेगमेंट. मग तोच कोड पीसीवर खोट्या घड्याळाने चालतो. १ एमबीची फाइल म्हणजे ७१९ सेगमेंट. ७१९ वेळा डाउनलोड चालवा आणि दर वेळी एकच, पुढचं सेगमेंट पाडा. मग लागोपाठची दोन. मग उलट दिशेचे ॲक, सिन-ॲक, फिन. मग तेच सेगमेंट दोनदा, आणि शेजारच्याशी अदलाबदल. सुरुवातीचा नंबर ३२ बिटांच्या टोकाजवळ धरून हे सगळं पुन्हा. खोट्या घड्याळामुळे याला फार वेळ लागत नाही, आणि दर वेळी हॅश जुळलाच पाहिजे. यादृच्छिक गळतीत जे महिन्यात एकदा सापडतं ते इथे पहिल्याच दिवशी सापडतं.

त्यानंतर टॅप इंटरफेस (पीसीवरचं आभासी नेटवर्क कार्ड) आणि नेटएम (लिनक्सचं खराब नेटवर्कची नक्कल करणारं साधन): १ टक्का गळती, २० मिलिसेकंद विलंब, थोडी अदलाबदल. नेटएम बाहेर जाणाऱ्या दिशेलाच लागतो हे ध्यानात ठेवा, आणि सर्व्हरच्या इंटरफेसवरचं टीएसओ (मोठा गठ्ठा कार्डाकडे देऊन त्याचे सेगमेंट तिथे पाडणं) बंद करा. नाहीतर नेटएम एकेक सेगमेंट न पाडता अनेक सेगमेंटचा गठ्ठाच पाडतो आणि तुम्ही वेगळ्याच नेटवर्कची चाचणी करत बसता. शेवटी खऱ्या बोर्डावर, डाउनलोड चालू असताना, मध्येच पॉवर काढून लगेच परत द्या, शंभरदा तरी. प्रत्येक वेळी जोडणी पहिल्या किंवा दुसऱ्या सिनला झाली का, ते टीसीपीडम्पमध्ये मोजा.